'द सिम्पसन्स': बोनस न मिळालेल्या बापाचं घर

निळी शाई

नाताळ तोंडावर आलाय. होमर सिम्पसन अणुवीज प्रकल्पात नोकरीला आहे आणि मालक मिस्टर बर्न्सने स्पीकरवरून सांगून टाकलंय की यंदा बोनस नाही. घरी मार्जने वर्षभर बरणीत पैसे साठवलेत, आता तेवढाच आधार. पण तेही त्याच दिवशी संपलेत. दहा वर्षांच्या बार्टने हातावर गोंदवून घेतलं आणि ते लेझरने काढण्यात अख्खी बरणी रिकामी झाली. हे ऐकल्यावर होमरच्या तोंडून बोनसचं निघतच नाही. तो गुपचूप मॉलमध्ये सांताक्लॉजचं काम धरतो. शेवटी चेक हातात पडतो तो १३ डॉलरचा. पोशाखाचे, दाढीच्या भाड्याचे, प्रशिक्षणाचे पैसे आधीच कापून घेतलेले. ते १३ डॉलर तो कुत्र्यांच्या शर्यतीवर लावतो आणि हरतो. मग जे कुत्रं सगळ्यात मागे राहिलं आणि मालकाने हाकलून दिलं, त्यालाच उचलून घरी आणतो.

'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेचा अर्ध्या तासाचा पहिला एपिसोड हा असा आहे. १७ डिसेंबर १९८९ ला फॉक्स वाहिनीवर लागला. त्याआधी १९८७ पासून ट्रेसी उलमनच्या कार्यक्रमात या घराचे छोटे छोटे ४८ तुकडे येऊन गेले होते. मालिकेचा जनक मॅट ग्रेनिंगने आपल्याच घरातली नावं पात्रांना दिली: वडील होमर, आई मार्गारेट, बहिणी लिसा आणि मॅगी. स्वतःचं नाव मात्र दिलं नाही. तिथे बार्ट आला, 'ब्रॅट' म्हणजे वांड कार्टं, या शब्दाची अक्षरं फिरवून.

या मालिकेबद्दल बोलताना पहिलं वाक्य ठरलेलं असतं: विस्कटलेलं कुटुंब. बाप आळशी आणि बिअरबाज, मुलगा व्रात्य, मुलगी हुशार पण एकटी, आई सगळं सावरणारी, तान्ही तोंडात चोखणी घेऊन बसलेली. मला इतक्या वर्षांनी वाटतं की या वाक्याने आपली दिशाभूल केलीय. हे पगारावर चालणारं घर आहे, आणि पहिल्या नऊ सीझनमधले जे एपिसोड मनात राहतात, त्यातल्या बऱ्याच एपिसोडांच्या मुळाशी कुठला तरी खर्च आहे.

१९९१ चा 'लिसाज पोनी' घ्या. लिसाला शाळेच्या कार्यक्रमात सॅक्सोफोन वाजवायचाय आणि त्याची पत्ती तुटलीय. आणायला गेलेला होमर वाटेत मोच्या गुत्त्यावर थांबतो आणि उशीर होतो. लिसाची फजिती होते. भरपाई म्हणून तो कर्ज काढून तिला घोडं घेऊन देतो, आणि त्या घोड्याच्या तबेल्याचं भाडं भरायला रात्री बारा ते सकाळी आठ भारतीय दुकानदार अपूच्या दुकानात उभा राहतो. तिथून सरळ कामावर. बाप उभ्या उभ्या झोपतोय हे बघून लिसा स्वतःहून घोडं सोडून देते. १९९७ च्या 'लिसाज सॅक्स'मध्ये कळतं की तो सॅक्सोफोन कुठून आला: भर उन्हाळ्यात एसीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून.

आणि १९९५ चा 'अँड मॅगी मेक्स थ्री'. होमरने कर्ज फेडलंय, प्रकल्पातली नोकरी सोडलीय आणि बोलिंग अ‍ॅलीत मनासारखं काम धरलंय. पगार कमी, पण माणूस खूश. तेवढ्यात तिसऱ्याची चाहूल लागते. त्या पगारात भागणार नाही म्हणून तो परत बर्न्सच्या दारात जातो. बर्न्स त्याच्या टेबलासमोर पाटी लावतो: 'डोन्ट फरगेट, यू आर हिअर फॉरेव्हर'. विसरू नकोस, तू इथे कायमचा आहेस. होमर मॅगीचे फोटो त्या पाटीवर अशा बेताने चिकटवतो की काही अक्षरं झाकली जातात आणि उरतं फक्त 'डू इट फॉर हर'. हिच्यासाठी कर. घरच्या अल्बममध्ये मॅगीचे फोटो का नाहीत, या मुलांच्या प्रश्नाचं उत्तर ते असतं.

मी शाळेत असताना केबलवर बघायला लागलो. माझे वडील कारखान्यात होते. त्यांना इंग्रजी संवाद कळत नसत, ते शेजारी पेपर वाचत बसायचे. तो नाताळचा एपिसोड पुन्हा लागला होता तेव्हा त्यांनी विचारलं, "याचा चेहरा असा का?" मी म्हटलं, "बोनस नाही मिळाला, आणि घरी सांगितलेलं नाही." त्यांनी पेपर खाली ठेवला आणि शेवटपर्यंत बघितलं. आमच्या घरी त्याच्या दोनच वर्षं आधी बोनसाविना दिवाळी गेली होती, आणि आम्हा मुलांना ते भाऊबीजेपर्यंत कळलं नव्हतं.

तुम्हाला हे घर कसं दिसतं?

रानजाई

मनापासून लिहिलंय. वडिलांचा प्रसंग वाचून थांबले थोडा वेळ.

पण एक विचारते. बरणी कोणाची होती? बोनस गेला तो होमरचा, बरणी रिकामी झाली ती मार्जची. तुमच्या अख्ख्या लेखात ती 'सगळं सावरणारी' एवढ्यावरच आटोपली. मालिकेने तिला इतकं थोडक्यात उरकलेलं नाही.

१९९० चा 'लाइफ ऑन द फास्ट लेन' आठवा. मार्जच्या वाढदिवसाला होमर बोलिंगचा चेंडू आणतो, त्यावर स्वतःचं नाव कोरलेलं असतं. ती चिडून खरंच बोलिंग शिकायला जाते आणि शिकवणारा जाक तिच्या प्रेमात पडतो. एका फाट्यावर तिला ठरवायचं असतं, एक रस्ता जाककडे, दुसरा प्रकल्पाकडे. ती प्रकल्पावर जाते. त्याआधी होमर तिच्याशी बोलताना फक्त तिने बनवलेल्या सँडविचबद्दल बोलतो, की बाकीच्यांची जेली कडेने बाहेर ओघळते, तुझी मात्र बरोबर मधोमध राहते. त्या माणसाला माफी मागता येत नाही, तो सँडविचबद्दल बोलतो. हे लिहिणाऱ्याला संसार माहीत आहे.

आणि १९९२ चा 'होमर अलोन'. सकाळपासून डबे, शाळा, कपडे, सगळ्यांच्या हाका. आणि मग मार्ज भर पुलावर गाडी आडवी लावते आणि किंचाळते. दोन्हीकडची वाहतूक ठप्प. नंतर ती एकटी विश्रांतीला जाते आणि इकडे होमरला एक मॅगी सांभाळता येत नाही. मी हा एपिसोड पहिल्यांदा बघितला तेव्हा मुलगा दीड वर्षाचा होता आणि नवरा फिरतीवर. त्या पुलावरच्या गाडीत मी स्वतःला बघितलं. १९९२ मध्ये कार्टून मालिकेत गृहिणीच्या थकव्यावर अख्खा एपिसोड झाला, याची दखल तुमच्या पगाराच्या हिशेबात घ्या.

मंडईतला

धागा छान, पण मूळ मुद्दा मला पटलेला नाही. पटत नाही याचं कारण मालिकेनेच दिलंय.

१९९७ चा 'होमर्स एनिमी'. फ्रँक ग्राइम्स नावाचा माणूस प्रकल्पात रुजू होतो. लहानपणापासून कष्ट, अपघात, पत्राने शिक्षण, एकेक पायरी चढत आलेला. होमर त्याला प्रेमाने घरी जेवायला बोलावतो. ग्राइम्स दारात उभा राहून बघतो: दुमजली घर, दोन गाड्या, देखणी बायको, ताटात लॉबस्टर, भिंतीवर अंतराळात गेल्याचा फोटो. तो म्हणतो, मी दोन बोलिंग अ‍ॅलींच्या मधल्या खोलीत राहतो. एक वर, एक खाली. काहीही न करता याला हे सगळं कसं मिळालं? त्याच रागात तो उच्च दाबाच्या तारेला हात लावतो आणि मरतो. त्याच्या अंत्यविधीत होमर झोपेत बरळतो आणि सगळे हसतात.

तुम्ही म्हणता तसं हे पगाराला टेकलेलं घर असेल, तर ग्राइम्सचा प्रश्न खोटा ठरायला हवा. तो खोटा नाही. जॉन स्वार्ट्झवेल्डरने तो लिहिलाय, या मालिकेचे सर्वांत जास्त, ५९, एपिसोड ज्याच्या नावावर आहेत त्याने. एका पगारात चार बेडरूमचं घर, तीन मुलं. आज अमेरिकेतले तरुण हा एपिसोड बघतात तेव्हा ग्राइम्सच्या बाजूने बघतात.

निळी शाई

रानजाई ताई, बरणीचं मान्य. तुम्ही दाखवलं तसं ते माझ्या नजरेतून निसटलं होतं. बोनस म्हटल्यावर मला वडीलच दिसतात, आणि आमच्या घरी त्या दिवाळीत आईने काय काय केलं असेल, ते मी तिला कधी विचारलेलंही नाही.

मंडईतला, ग्राइम्सचा एपिसोड मलाही अस्वस्थ करतो. पण घराचं उत्तर मालिकेत आधीच आहे, १९९२ च्या 'लिसाज फर्स्ट वर्ड'मध्ये. लिसाच्या वेळी मार्जला दिवस गेलेत, जागा पुरत नाही आणि होमरकडे पैसे नाहीत. त्याचे वडील एब आपलं स्वतःचं घर विकतात आणि पैसे मुलाला देतात. मग काही आठवड्यांतच मुलगा बापाला वृद्धाश्रमात पोचवतो. एव्हरग्रीन टेरेसवरचं ७४२ नंबरचं घर असं आलंय. ग्राइम्सला ते दिसत नाही, कारण पाहुण्याला घरामागचा हिशेब दिसत नसतो. आणि ग्राइम्सच्या मागे घर विकून देणारा बाप नव्हता, हे त्याचं खरं दुःख. दोघांमधला फरक तिथे आहे.

त्या एपिसोडचा शेवट तर वेगळाच आहे. मॅगीच्या पहिल्या शब्दाची सगळे वाट बघतायत. रात्री होमर तिला झोपवून, दिवा मालवून जातो, आणि अंधारात ती एकटीच 'डॅडी' म्हणते. ऐकायला कोणी नाही. त्या एका शब्दासाठी आवाज एलिझाबेथ टेलरचा आहे.

दोन रेघा

मी टूडी अ‍ॅनिमेशनमध्ये आहे, त्यामुळे थोडं चित्रांबद्दल. गोष्टींबद्दल सगळे बोलतात, हात कोणाचे लागले ते राहून जातं.

पहिला तयार झालेला एपिसोड खरं तर नाताळचा नव्हताच. 'सम एन्चांटेड इव्हिनिंग' आधी करायला दिला होता. तो कोरियाहून परत आला तेव्हा निर्माते हादरले. माणसं, दारं, भिंती, सगळं रबरासारखं वाकत होतं. ग्रेनिंग आणि निर्माते जेम्स ब्रूक्स यांना हवं होतं नेमकं उलटं: विचित्र दिसणारी पण खऱ्या जगात राहणारी माणसं. जिथे आपटलं की लागतं. बहुतेक सगळं पुन्हा करावं लागलं, मालिका पुढे ढकलली गेली आणि नाताळचा एपिसोड आधी गेला. तो वाकडातिकडा एपिसोड दुरुस्त होऊन पहिल्या सीझनच्या शेवटी, मे १९९० मध्ये लागला. म्हणजे धागाकर्त्याने ज्या बोनसाने सुरुवात केली, तो पहिल्या नंबरावर आला तो या अपघातामुळे.

काम कसं वाटलेलं असायचं: लेखन, संवादांचं रेकॉर्डिंग, स्टोरीबोर्ड आणि मुख्य मांडणी लॉस एंजेलिसला, मधली हजारो चित्रं आणि रंग सोलला. आधी आवाज, मग चित्र. एका एपिसोडला सहा महिन्यांहून जास्त वेळ सहज लागतो. चौदाव्या सीझनपासून, २००२ पासून, सेलवरचे, म्हणजे पारदर्शक फिल्मवर हाताने भरलेले, रंग जाऊन संगणकावर रंगकाम सुरू झालं. जुन्या एपिसोडांत रंग किंचित हलतो, रेघेची जाडी बदलते, ते हाताचं काम आहे. मला ते जास्त जिवंत वाटतं, आणि हे मी रोज संगणकावर काम करणारा माणूस सांगतोय.

ग्रेनिंगचा नियम असा की पात्र नुसत्या काळ्या सावलीवरून ओळखू आलं पाहिजे. म्हणून बार्टचं डोकं करवतीसारखं, लिसा आणि मॅगी चांदणीसारख्या, मार्जचा निळा मनोरा. होमरच्या कानाच्या बाजूचे केस आणि कान नीट बघा, 'एम' आणि 'जी' ही इंग्रजी अक्षरं दिसतील. चित्रकाराची सही. पिवळा रंग ज्योर्जी पेलूस या रंगकर्मीने सुचवला. वाहिन्या बदलताना पिवळं काही सरकलं की बोट तिथेच थांबायचं.

आणि एवढ्या कमी रेघांत भाव कसा आणायचा, हे शिकायचं असेल तर डेव्हिड सिल्व्हरमनने दिग्दर्शित केलेला 'मदर सिम्पसन' बघा. दोन वर्तुळं, दोन ठिपके, पापणीची एक रेघ. मी नवीन मुलांना त्याचं शेवटचं मिनिट दाखवतो आणि काही बोलत नाही.

एडिसनकर

सगळं वाचलं. मला अपूबद्दल लिहायचंय. सव्वीस वर्षं न्यू जर्सीत आहे, आणि या मालिकेबद्दल माझ्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी आहेत. त्यातली एक दुसरीला पुसत नाही.

आलो तेव्हा संध्याकाळी एका दुकानाच्या गल्ल्यावर उभा राहायचो. शिकणं आणि हे. सुट्टे पैसे परत दिले की पोरं दारातून ओरडायची, "थँक यू, कम अगेन!" त्याच हेलात. पहिल्या आठवड्यात मला कळलंही नाही की ही नक्कल कोणाची. घरी येऊन रूममेटला विचारलं तेव्हा त्याने मालिका लावून दाखवली. तो हेल माझा नव्हता. पुण्यात, कोल्हापुरात, कुठेच कोणी असं बोलत नाही. नहसपीमपेटिलॉन हे आडनावही भारतात कुठे सापडणार नाही. आवाज हँक अझारिया यांचा, जे भारतीय नाहीत. पण त्या गावात लोकांना माहीत असलेला भारतीय माणूस एकच होता, आणि तो पिवळ्या गावात राहत होता.

दुसरी गोष्ट अशी की अपू मालिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावातल्या सगळ्यात कष्टाळू आणि शिकलेल्या माणसांपैकी एक आहे. डॉक्टरेट केलेला. त्याचं नाव सत्यजित राय यांच्या चित्रपटांतल्या अपूवरून घेतलंय. १९९६ चा 'मच अपू अबाउट नथिंग' मी नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करताना बघितला. एका अस्वलाच्या निमित्ताने कर वाढतो, महापौर त्याचं खापर बेकायदा स्थलांतरितांवर फोडतो, सगळं गाव त्यांना हाकलायला मतदान करायला निघतं. घाबरलेला अपू खोटे कागद विकत घेतो, अमेरिकन हेल काढतो, दुकानातून गणपती हलवतो. आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटते, आईवडील आठवतात. तो कागद फेकतो, अभ्यास करतो आणि परीक्षा पास होतो. यादवी युद्धाचं कारण विचारल्यावर तो इतकं सविस्तर सांगायला लागतो की परीक्षक म्हणतो, नुसतं 'गुलामगिरी' म्हणा. त्या वाक्याला मी आणि बायको दोघंही हसलो, कारण आम्हीही तेवढाच अभ्यास केला होता. त्यामुळे अपू म्हणजे नुसता अपमान, असं मला म्हणता येत नाही.

पण माझ्या मुलीला शाळेत तोच हेल ऐकावा लागला, माझ्यानंतर बारा वर्षांनी, तेव्हा मी हसू शकलो नाही. विनोदी कलाकार हरी कोंडाबोलू यांनी २०१७ मध्ये 'द प्रॉब्लेम विथ अपू' हा माहितीपट केला. त्यात आमच्या पुढच्या पिढीतले कितीतरी कलाकार तेच सांगतात जे माझ्या मुलीने जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं. त्यावर मालिकेने एप्रिल २०१८ मध्ये जे उत्तर दिलं, त्याने मला जास्त दुखावलं. त्यांनी लिसाच्या तोंडून म्हणवलं की पूर्वी कोणाला न खुपणारी गोष्ट आता चुकीची ठरते, त्याला काय करणार? शेजारी अपूचा फोटो. जी मुलगी प्राण्यांच्या बागेतलं कोकरू बघून मांस सोडते, गावाविरुद्ध एकटी उभी राहते, तिच्या तोंडी हे? मिस्टर बर्न्सच्या तोंडी दिलं असतं तर मी सोडून दिलं असतं.

२०२० च्या जानेवारीत अझारिया यांनी अपूचा आवाज देणं थांबवलं, नंतर जाहीरपणे माफीही मागितली. त्याच वर्षी जूनमध्ये मालिकेनेही ठरवलं की गोऱ्या नसलेल्या पात्रांना यापुढे गोरे कलाकार आवाज देणार नाहीत. अपू मात्र तेव्हापासून जवळजवळ गप्प आहे. मला तो गप्प व्हायला नको होता. कोणीतरी आपला माणूस आवाजाला, आपला माणूस लेखकांच्या खोलीत, आणि गल्ल्यामागच्या त्या माणसाला त्याचं खरं बोलणं, एवढं हवं होतं.

रानजाई

एडिसनकर, मुलीला सांगा की ठाण्यातून एका मावशीने हे वाचलं आणि ती तिच्या बाजूने आहे.

टिचकी

वाचतेय सगळं. एक विचारायचं राहिलं: ट्रम्प राष्ट्राध्यक्ष होणार हे या मालिकेने आधीच दाखवलं होतं ना? व्हॉट्सअ‍ॅपवर सारखं येतं. आणि सरकत्या जिन्यावरच्या ट्रम्पचं ते चित्र?

मंडईतला

टिचकी, अर्धं खरं. मार्च २००० च्या 'बार्ट टू द फ्यूचर'मध्ये भविष्यातली लिसा राष्ट्राध्यक्ष आहे आणि म्हणते की ट्रम्पसाहेबांनी तिजोरीत खडखडाट करून ठेवलाय. पण त्याच सुमारास ट्रम्प रिफॉर्म पक्षातर्फे उभं राहायची चाचपणी करून बाहेर पडले होते, त्यामुळे लेखकांना ते सुचणं नवलाचं नव्हतं. सरकत्या जिन्याचं चित्र २०१५ च्या एका छोट्या फिल्ममधलं आहे, त्यांनी उमेदवारी जाहीर केल्यानंतर केलेलं. बाकी फिरणारी कित्येक चित्रं तर लोकांनी स्वतः बनवलेली असतात. तीन दशकं चालूच असलेल्या, ७५० हून जास्त एपिसोडांच्या मालिकेत काही गोष्टी जुळणारच.

खरं सांगायचं तर या भविष्यवाण्यांच्या नादात लोक ही मालिका बघतच नाहीत, नुसते स्क्रीनशॉट बघतात. याचं मला वाईट वाटतं.

निळी शाई, घराचं उत्तर आवडलं. 'लिसाज फर्स्ट वर्ड' मी दहा वेळा बघितला असेल, पण ग्राइम्सच्या शेजारी ठेवून कधी बघितला नव्हता. तरी एक राहतंच. नवव्या सीझननंतर होमर बदलला. आधी तो चुकायचा आणि त्याला कळायचं. नंतर तो चुकतो आणि पुढच्या प्रसंगात काही झालंच नाही असा असतो. गुत्त्यावर थांबल्याबद्दल घोड्याचं कर्ज फेडणारा होमर पुढे दिसत नाही. आवाज देणारे फिल हार्टमन १९९८ मध्ये गेले तेव्हा ट्रॉय मॅक्लूर आणि वकील हट्झ ही त्यांची पात्रं कायमची थांबवली, २०१३ मध्ये मार्शा वॉलेस गेल्या तेव्हा त्यांचा आवाज असलेल्या, बार्टच्या वर्गाच्या बाई क्रॅबॅपल यांनाही निरोप दिला, फळ्यावर एकच ओळ लिहून की तुमची फार आठवण येईल. माणसांच्या बाबतीत एवढी माया असलेल्या मालिकेने होमरला इतकं सैल सोडायला नको होतं. २०२५ मध्ये चाळिसाव्या सीझनपर्यंतची सोय झालीय. मी नवे एपिसोड बघतो, पण आशेने नाही, सवयीने.

टिचकी

धन्यवाद. मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून आणखी एक. होमर बार्टचा गळा दाबतो, ते मला कधीच बघवलं नाही. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांच्या घरी ते खरंच होतं. २०२३ मध्ये होमर एकदा म्हणाला की आता काळ बदलला, मी ते करत नाही. मला बरं वाटलं. पण बार्टबद्दल सांगायचं तर मी प्रत्येक जून महिन्यात 'बार्ट गेट्स अ‍ॅन एफ' बघते. १९९० चा. नापास झाला तर त्याला त्याच वर्गात बसवणार आहेत. तो देवाकडे एक दिवस मागतो, बर्फ पडतं, शाळा बंद होते, सगळं गाव बर्फात खेळायला निघतं आणि तो खिडकीशी बसून अभ्यास करतो. तरीही नापास होतो. मग रडतो आणि म्हणतो, या वेळी मी खरंच प्रयत्न केला होता. एका गुणाने तो सुटतो, डी मायनस. होमर तो पेपर फ्रिजवर लावतो. माझ्या वर्गातल्या काही मुलांसाठी पस्तीस म्हणजे तोच पेपर, आणि तो फ्रिजवर लावणारं कोणी असावं असं मला फार वाटतं.

दोन रेघा

टिचकी, हे वाचून आज रात्री तोच लावणार.

निळी शाई, एक विचारू? बाबांना त्यानंतर पुन्हा कधी दाखवलंत का?

निळी शाई

तुमच्या प्रतिसादामुळेच दाखवला. 'मदर सिम्पसन', गेल्या रविवारी. ते आता निवृत्त आहेत. मी मधे मधे थांबवून मराठीत सांगत होतो. शनिवारी कामावर जावं लागू नये म्हणून होमर स्वतः मेल्याचं नाटक करतो, इथे ते मोठ्याने हसले. मग लहानपणीच वारली असं ज्याला सांगितलं होतं ती आई सत्तावीस वर्षांनी समोर येते. बर्न्सची जंतूंची प्रयोगशाळा बंद पाडायला गेली होती म्हणून तेव्हापासून लपून राहतेय. पोलीस पुन्हा मागावर येतात आणि तिला जावं लागतं. गाडीत चढताना तिचं डोकं आपटतं आणि तिच्या तोंडून होमरचाच तो 'डोह!' हा नेहमीचा उद्गार निघतो.

शेवटचं मिनिट मी काही सांगितलं नाही, सांगण्यासारखं नव्हतंच. ओसाड रस्ता, गाडीवर होमर पाठमोरा बसलेला, वर एकेक तारा उगवतो. श्रेयनामावली त्याच्यावरून सरकते आणि तो हलत नाही.

बाबांनी नावं संपेपर्यंत बघितलं. मग विचारलं, "पुढे येते का परत ती?"

म्हटलं, येते, २००३ मधल्या एका एपिसोडात.

"मग लाव तो."

लावला. आईलाही स्वयंपाकघरातून हाक मारली, आणि मग त्या दिवाळीबद्दल तिला विचारलं. २००८ मधला, ज्यात ती आई जाते, तो एपिसोड मी अजून लावलेला नाही.